डब्यांतील बळ व पालकांचें कर्तव्य

गेल्या हिवाळ्यांत, वार्षिक क्रीडासामने पंधरा दिवसांवर आले असतां, एक गृहस्थ शाळा सुटण्याच्या वेळीं आमच्या खोलींत आले. बगलेंत वर्तमानपत्रांत गुंडाळलेला एक मोठा डबा, आणि मागें मान खालीं घालून उभा असलेला त्यांचा मुलगा. मुलगा दहावींत शिकणारा. चारशें मीटरच्या शर्यतींत शाळेची सारी भिस्त त्याच्यावर होती. गृहस्थांनीं डबा टेबलावर आपटला व ते म्हणाले, “सर, हें काय आहे तें आधीं सांगा. मग ह्याचें काय करावयाचें तें मी पाहतों.” डबा मुलाच्या दप्तरांत सांपडला होता. मामानें दिवाळीला दिलेले पैसे त्यांत खर्च झाले होते; आणि मुलाच्या गालावरील लाल वळ पाहतां, चौकशीचा पहिला भाग घरींच उरकला होता हें उघड दिसत होतें.

डब्यावर पिळदार बाहूंच्या एका पुरुषाचें चित्र होतें. माल तयार करणाराचा पत्ता नव्हता. घटकद्रव्यांच्या यादींतील अर्धीं नांवें आम्हांस वाचतां आलीं नाहींत, व जीं वाचतां आलीं त्यांचा अर्थ कळला नाहीं. खरें सांगावयाचें तर त्या गृहस्थांइतकेच आम्हीही अज्ञानी होतों. इतक्यांत मुलानें मान वर करून हळूच विचारलें, “सर, पण ह्यानें खरोखर वेग वाढतो का?” वडील अधिकच संतापले. आम्हांस मात्र वाटलें कीं, प्रश्न अगदीं रास्त आहे, आणि त्याचें उत्तर आमच्यापाशीं नाहीं ही लाज आमची आहे, त्या मुलाची नव्हे.

सुटीचे दिवस आम्हीं ह्या विषयाच्या वाचनांत घालविले, दोघां डॉक्टर स्नेह्यांस गांठलें, आणि जें हातीं लागलें तें विद्यार्थी व पालक ह्या दोघांपुढेंही ठेवावें असें ठरविलें. दोघांपुढें, असें मुद्दाम म्हणतों. कारण ह्या बाबतींत एकास सांगावयाचें तें दुसऱ्यापासून लपविण्यांत कांहीं अर्थ नाहीं.

प्रथम त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर. होय; कांहीं द्रव्यांनीं बळ वाढतें व वेगही वाढतो. हें वाक्य शाळेच्या वार्षिकांत छापलेलें पाहून कित्येक पालक दचकतील. परंतु ज्या मुलानें आपल्या डोळ्यांनीं कोणाचे दंड तीन महिन्यांत फुगलेले पाहिले आहेत, त्यास “हें सारें थोतांड आहे” असें सांगितलें तर त्याचा विश्वास औषधावरून उडत नाहीं, आपल्यावरून उडतो. औषध चालतें, म्हणूनच त्याचा मोह पडतो.

पुरुषाच्या शरीरांत वृषणांमधून एक स्राव रक्तांत मिसळत असतो. अशा स्रावांस सध्यां संप्रेरक म्हणतात व ह्या संप्रेरकाचें नांव टेस्टोस्टेरॉन. स्नायूंत प्रथिनें रचलीं जाण्याचें काम त्याच्या हुकमानें वाढतें. दाढीमिशा येणें, आवाज फुटणें, हेंही त्याचेंच कार्य. जर्मन बुटेनांट व झुरिक येथील रुझिच्का ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं १९३५ सालीं तें प्रयोगशाळेंत तयार केलें, आणि १९३९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक दोघांत वांटून दिलें गेलें. ह्या द्रव्यांचा वैद्यकांतील उपयोग रोग्यांसाठीं होता व आजही आहे. परंतु १९५८ सालीं त्याच जातीची एक कृत्रिम गोळी अमेरिकेंत विक्रीस आली आणि ती रोग्यांबरोबरच वजन उचलणाऱ्या धडधाकट मल्लांच्याही हातीं पडली. ह्या जातीच्या द्रव्यांस ॲनाबोलिक स्टेरॉइड म्हणतात. १९८८ सालीं सोल येथील ऑलिंपिक सामन्यांत कॅनडाच्या बेन जॉन्सननें शंभर मीटरचें अंतर ९.७९ सेकंदांत तोडलें, तेव्हां जग थक्क झालें. तीनच दिवसांत त्याचें पदक काढून घेण्यांत आलें; त्याच्या मूत्रांत स्टॅनोझोलोल नांवाचें स्टेरॉइड सांपडलें होतें.

आतां ह्या बळाची किंमत. प्रौढासही ती द्यावी लागते, परंतु वाढत्या वयाच्या मुलास ती फार जबर पडते. मुलाच्या लांब हाडांच्या टोकांशीं कूर्चेचे पातळ थर असतात; हाड वाढतें तें ह्या थरांतून. यथाकाल ते थर हाडांत रूपांतर पावतात व उंची थांबते. बाहेरून संप्रेरक घातलें म्हणजे शरीराची अशी समजूत होते कीं, वाढीचें काम संपलें. ते थर अकालीं मिटतात. सहा फूट व्हावयाचा मुलगा त्याआधींच थांबतो, आणि मग जगांतील कोणताही वैद्य ते थर पुन्हां उघडूं शकत नाहीं. उंच होण्यासाठीं व धिप्पाड दिसण्यासाठीं म्हणून जी गोळी घेतली, तीच उंची खाऊन जाते!

दुसरी गोष्ट अशी कीं, बाहेरून आयता माल येऊं लागला म्हणजे घरचा कारखाना बंद पडतो. वृषणें लहान होतात, त्यांचें स्वतःचें उत्पादन मंदावतें. आणि गोळी सोडतांच मुलगा एकाएकीं रिता होतो. स्नायु ओसरतात, उत्साह मावळतो, मन खिन्न होतें. ही खिन्नता साधी नसते. तिचें एक उदाहरण पुढें येईलच. शिवाय चेहऱ्यावर व पाठीवर दाट पुटकुळ्या, मुलांच्या छातीस स्त्रियांसारखी सूज, रक्तांतील हितकर चरबी कमी होऊन अहितकर चरबी वाढणें, हृदयाची भिंत जाड होणें, पोटांत घेण्याच्या गोळ्यांनीं यकृतास इजा, हें सर्व वैद्यकांस ठाऊक आहे. मुलींचा आवाज जाड होतो, ओठांवर केंस येतात. आणि एकदां जाड झालेला आवाज औषध सोडल्यावरही पुष्कळदां परत येत नाहीं. एकच सुई चौघांनीं वापरली तर कावीळ व एड्स ह्यांचे विषाणू फुकट मिळतात, तें निराळेंच.

इतर द्रव्यांविषयीं थोडक्यांत सांगतों. वजनाच्या गटांत खेळणारे मल्ल व मुष्टियोद्धे वजन उतरविण्यासाठीं लघवी करविणारीं औषधें घेतात. त्यांनीं शरीरांतील पाण्याबरोबर क्षारही जातात व हृदयाचा ठोका चुकतो. एरिथ्रोपोएटिन नांवाचें द्रव्य रक्तांतील तांबड्या पेशी वाढवितें, पण रक्त दाट करितें. आणि आपल्या अगदीं जवळची गोष्ट म्हणजे मेफेन्टरमिन. शस्त्रक्रियेच्या वेळीं भूल दिलेल्या रोग्याचा रक्तदाब उतरला तर तो सांवरण्याचें हें इंजेक्शन. पुण्यासारख्या शहरांत तें व्यायामशाळेंत जाणाऱ्या तरुणांस चोरून विकलें जात असतां पोलिसांनीं अनेकदां पकडलें आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूलतज्ज्ञ नाडीवर लक्ष ठेवून जें देतो, तें जिन्याखालीं उभें राहून मित्राच्या हातानें टोंचून घ्यावयाचें, ह्यास धैर्य म्हणावें कीं काय म्हणावें, हें विद्यार्थ्यांनींच ठरवावें.

हें सारें परदेशांत चालतें, आपल्याकडे काय त्याचें, असें म्हणणारे पालक आम्हांस भेटले आहेत. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, जिला ‘वाडा’ म्हणतात, तिच्या आंकड्यांप्रमाणें २०२२ सालीं भारतांत ३,८६५ नमुने तपासले गेले व त्यांपैकीं १२५ दोषी निघाले. दोन हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत हें प्रमाण सर्वांत अधिक होतें. २०२४ च्या आरंभीं त्याच संस्थेनें अठरा वर्षांखालील खेळाडूंविषयीं एक अहवाल प्रसिद्ध केला; त्यांत दोषी मुलांच्या संख्येंत रशियाच्या पाठोपाठ आपल्या देशाचें नांव होतें. सप्टेंबर २०२३ मध्यें दिल्लीच्या राज्य मैदानी सामन्यांत तपासणीचे अधिकारी आल्याची वार्ता पसरली, आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीस एकच धांवपटु उभा राहिला. बाकीचे गेले कोठें? मैदानाच्या शौचगृहांत सुया पडलेल्या आढळल्या. आठ जणांच्या शर्यतींत एकटा धांवणारा तो तरुण आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं.

आतां डब्याकडे वळूं. विजयासाठीं स्वतः विष मागणारा मुलगा विरळा. बहुतेक मुलें मागतात ती साधी ‘पावडर’. आणि ती विकणारा सांगतो कीं, ही निव्वळ दुधापासून काढलेली आहे. कित्येकदां तसें असतेंही. परंतु जर्मनींतील कोलोन येथील प्रयोगशाळेनें २००० व २००१ सालीं तेरा देशांच्या बाजारांतून ६३४ पूरक पदार्थ विकत घेऊन तपासले, तेव्हां त्यांपैकीं ९४ पदार्थांत, म्हणजे सातांतील एकांत, वेष्टनावर न लिहिलेलीं स्टेरॉइडें सांपडलीं. २०११ सालीं आपल्या देशाच्या चारशें मीटर धांवणाऱ्या सहा स्त्रिया स्टेरॉइडच्या तपासणींत दोषी ठरल्या. त्यांपैकीं तिघी आदल्या वर्षीं ग्वांगझू येथील आशियाई सामन्यांत रिलेचें सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघांतल्या. त्यांचें म्हणणें असें कीं, परदेशी शिक्षकानें दिलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांतून तें आलें. शिक्षकास काढून टाकण्यांत आलें, पण धांवपटूंचीं दोन वर्षें गेलीं तीं गेलींच. नियमच असा आहे कीं, शरीरांत जें सांपडेल त्याचा जबाबदार खेळाडू. कोणीं दिलें, कशांत मिसळलें, हें शिक्षेच्या प्रमाणाचें, दोषाचें नव्हे. अल्पवयीनांस ह्या नियमांत थोडी सवलत आहे, आणि मुलास असें द्रव्य देणाऱ्या शिक्षकास जन्माची बंदी होऊं शकते; तथापि मुलाचें हरवलेलें नांव ह्या तरतुदी परत आणीत नाहींत.

येथें मुलाच्या आजारपणाचीही एक गोष्ट पालकांनीं लक्षांत ठेवावी. दमा, मधुमेह इत्यादि विकारांवरील कांहीं खरीं औषधेंही बंदीच्या यादींत येतात. मुलगा जिल्ह्याच्या वा राज्याच्या संघांत असेल तर डॉक्टरांस तसें सांगावें. जरूर तेथें परवानगी मिळण्याची सोय आहे. आणि सामन्यांच्या भीतीनें दम्याचें औषध बंद करण्याचा मूर्खपणा तर कोणीही करूं नये.

पालकांच्या वांट्याचा विचार करूं लागलों म्हणजे आम्हांस पूर्व जर्मनीची आठवण होते. १९७४ सालीं त्या राज्यानें ‘राज्ययोजना विषय १४.२५’ ह्या रुक्ष नांवाखालीं खेळाडूंस स्टेरॉइडें देण्याची गुप्त योजना मंजूर केली. येना शहरांतील सरकारी कारखान्यांत तयार होणाऱ्या निळ्या गोळ्या क्रीडाशाळांतील कोंवळ्या मुलींस जीवनसत्त्वें म्हणून दिल्या जात. १९७६ सालीं माँट्रिऑलच्या ऑलिंपिकांत पोहण्याच्या स्त्रियांच्या तेरा शर्यतींपैकीं अकरा त्या चिमुकल्या देशानें जिंकल्या. सुमारें दहा हजार खेळाडूंस हीं द्रव्यें दिलीं गेलीं असावीं असा अंदाज आहे. भिंत पडल्यावर कागदपत्रें बाहेर आलीं; २००० सालीं बर्लिनच्या न्यायालयांत त्या देशाचा क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड ह्यास बावीस महिन्यांची शिक्षा झाली, तीही स्थगित. आईबापांस कांहींच सांगितलें गेलें नव्हतें. सुटींत घरीं आलेल्या मुलीचे रुंद झालेले खांदे व बदललेला आवाज पाहून आईच्या मनांत शंका आली असेल, तरी तिनें विचारावयाचें कोणास? शिक्षक सरकारचा, डॉक्टर सरकारचा, गोळीही सरकारची.

आपल्यावर तशी सक्ती नाहीं. आपण विचारूं शकतों. आणि तरीही विचारीत नाहीं.

अमेरिकेंतील टेक्सस प्रांतांत प्लेनो गांवीं टेलर हूटन नांवाचा एक शाळकरी मुलगा बेसबॉल खेळत असे. आणखी धिप्पाड झालें पाहिजे असें शिक्षकानें त्यास सुचविलें, आणि त्यानें स्टेरॉइडची वाट धरली. पुढें तीं सोडल्यावर त्यास गाढ खिन्नतेनें घेरलें, आणि जुलै २००३ मध्यें त्यानें आपलें जीवन संपविलें. त्याच्या वडिलांनीं २००५ च्या मार्चमध्यें अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें साक्ष दिली व मुलाच्या नांवानें संस्था काढून इतर आईबापांस जागें करण्याचें काम पत्करलें. वाढतें वजन, अंगावरील पुटकुळ्या, एकाएकीं येणारा राग, हीं चिन्हें अशा घरांत सर्वांच्या डोळ्यांसमोर असतात. त्यांचा अर्थ मात्र कोणास लागत नाहीं. आम्हीं हें भीति घालण्यासाठीं लिहिलें नाहीं. पुटकुळ्या व राग तर सोळाव्या वर्षीं प्रत्येक घरांत असतात, आणि प्रत्येक पुटकुळीवर संशय घेणारा बाप मुलास नकोसा होईल. परंतु थोड्या आठवड्यांत चारसहा किलो वजन वाढलें, त्याबरोबर स्वभाव पालटला, आणि पैशांचा हिशेब लागेना, तर जवळ बसवून विचारावें. औषध एकाएकीं सोडल्यावर मुलगा गप्प गप्प राहूं लागला तर त्यास एकटा सोडूं नये व त्याच आठवड्यांत डॉक्टरांकडे न्यावें.

विचारावें कसें? मारून नव्हे, हें त्या दिवशीं गालावरील वळावरून आम्हांस कळलें. केवळ घाबरवूनही नव्हे, हें अमेरिकेंतील ओरेगॉन प्रांताच्या अनुभवावरून कळतें. तेथील संशोधकांस असें आढळलें कीं, नुसत्या दुष्परिणामांचीं भयंकर चित्रें दाखवून मुलांचें मन वळत नाहीं. मुलास आपल्या शरीराविषयीं भविष्याची भीति फारशी वाटतच नाहीं. मग त्यांनीं ३१ शाळांचे फुटबॉल संघ निवडले, आणि त्यांपैकीं कांहीं संघांस निराळें शिक्षण दिलें. औषधानें काय होतें हें दोन्ही बाजूंनीं खरें सांगितलें, आणि त्याबरोबर आहार कसा घ्यावा, वजनें कशीं उचलावीं, ‘नको’ कसें म्हणावें, हें संघाच्या शिक्षकानें व खुद्द संघांतील मुलांनींच शिकविलें. १९९६ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: अशा संघांतील मुलांचा औषधाकडील ओढा कमी झाला होता. मुलास एक मार्ग बंद करावयाचा तर दुसरा उघडून दाखवावा लागतो.

तो दुसरा मार्ग फारसा महाग नाहीं. पन्नास किलो वजनाच्या खेळाडू मुलास दिवसाकांठीं साठ ते ऐशीं ग्रॅम प्रथिनें पुरतात. मूठभर शेंगदाण्यांत सुमारें सात ग्रॅम, एका अंड्यांत सहा, पेलाभर दुधांत सहा-सात. त्यांत दोन वेळचें वरण, मटकीची वा हरभऱ्याची उसळ, ज्वारीची भाकरी व दही मिळवा, म्हणजे हिशेब जवळजवळ पुरा होतो. ज्या घरीं मासे-मटण चालतें तेथें तर प्रश्नच नको. त्या डब्याच्या किंमतींत किती शेंगदाणे येतात हें मुलांनीं बाजारांत जाऊन पाहावें. दुसरें औषध झोंप. वाढीचें संप्रेरक गाढ झोंपेंत स्रवतें, आणि ह्या वयांत आठ ते दहा तास झोंप लागते. रात्रीं बारापर्यंत मोबाइल हातांत धरून पहाटें पांचला मैदानावर जाणारा मुलगा आपलें फुकटचें औषध रोज फेंकून देतो.

एक कटु गोष्ट राहिली, ती पालकांस उद्देशून आहे. सामन्याहून परतलेल्या मुलास दारांतच “कितवा आलास?” असें विचारणारीं घरें आम्हांस पुष्कळ ठाऊक आहेत. खेळाच्या गुणांवर कॉलेजांत प्रवेश मिळतो, नोकरींत राखीव जागा असते, शेजाऱ्याच्या मुलाचें नांव वर्तमानपत्रांत येतें. आपल्या अपेक्षेस कारणें आहेत हें आम्ही जाणतों. परंतु मुलगा त्या प्रश्नावरून घराचा भाव ओळखतो. त्या दिवशीं गृहस्थ बाहेर थांबले असतां आम्हीं मुलास विचारलें, “हें घ्यावें असें तुला कां वाटलें?” त्यानें क्षणभर डब्याकडे पाहिलें व म्हटलें, “सर, मागल्या वर्षीं मी दुसरा आलों. बाबा घरीं येईपर्यंत माझ्याशीं बोलले नाहींत.” आम्हीं हें त्याच्या वडिलांस सांगितलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं मुलाच्या पाठीवर हात ठेविला व दोघे निघून गेले.

मुलाच्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं सुटीनंतर त्यास दिलें. वर लिहिलें आहे तेंच, थोड्या कमी शब्दांत. त्यानें आणखी सात-आठ प्रश्न विचारले, त्यांपैकीं दोहोंसाठीं आम्हांस पुन्हां डॉक्टरांकडे जावें लागलें. सामने आधींच होऊन गेले होते. चारशें मीटरच्या शर्यतींत तो तिसरा आला. वडील आले होते. शर्यत संपल्यावर त्यांनीं त्यास काय विचारलें तें आम्हांस गर्दींत ऐकूं आलें नाहीं. पण तासाभरानें दोघे फाटकाबाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशीं उभे होते, आणि मुलगा हातवारे करून दुसऱ्या वळणावर काय घडलें तें सांगत होता.

डबा न्यावयास ते विसरले. तो आमच्या शास्त्रशाळेच्या कपाटांत आहे. नववीच्या विद्यार्थ्यांनीं त्यावरील घटकद्रव्यांची यादी फळ्यावर उतरवून एकेकाचा शोध घेण्यास आरंभ केला. चौदांपैकीं अकरा नांवांचा अर्थ लागला आहे, तीन अद्याप राहिलीं आहेत.